नाना आणि फिरती डिस्क

आयटी पार्कजवळच्या माण गावातले आमचे घरमालक नाना वायर काढायच्या आधी कॉम्प्युटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर तळवा ठेवून तिच्या पोटातली चाकती थांबायची वाट बघतात. तोवर चहा आला तरी ढुंकून बघत नाहीत. मी परभणीचा, पगार कॉम्प्युटरचाच घेतो. पण एवढे सोपस्कार मी बापजन्मात केले नव्हते.

आधीच्या भाडेकरूनं जाताना त्यांना लिनक्स टाकलेला जुना कॉम्प्युटर दिला, कमांडी वहीत लिहून दिल्या. नाना त्या एका बोटानं टाइप करतात. आधी अनमाउंट, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवायची; मग पॉवर-ऑफ, म्हणजे तिची चाकती थांबवायची. ‘डिस्क बिझी’ असं आलं की चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, “आत कोणतरी बसलंय. उठवा आधी.” बघावं तर व्हिडिओ उघडाच राहिलेला असतो.

मी एकदा शहाणपणा शिकवायला गेलो. “नाना, अनमाउंट झालं की बास. ओढायची वायर.”

“तुमी चालत्या येष्टीतनं उतरता व्हय?”

झालं. मी वही उघडून पुढची कमांड वाचून दाखवली.

गेल्या रविवारी पाण्याची मोटर बंद करायला जाताना त्यांनी डिस्क माझ्यावर सोपवली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. कसली कमांड न् कसलं काय, मी सरळ वायर उपटली. त्याच क्षणी नाना परत आले आणि त्यांनी डिस्कला हात लावला.

“फिरतंय की अजून. बंद न्हाई केलं?”

मला वाटलं, आता आईमाई निघणार. पण ते आत बसलेल्या बायकोकडं, आमच्या काकूंकडं, बघत म्हणाले, “त्यात हिला दावायचा एकच व्हिडिओ हाय. दुसरीकडं कुटंच न्हाई.”

मी घाबरलो, खरंच घाबरलो. डिस्क लावली, तपासली. सुदैवानं व्हिडिओ उघडला. विकलेल्या रानातला बांध, दहा वर्षांपूर्वीचे काळ्या मिशांचे नाना भाकरीचं फडकं सोडतायत, काकूंना म्हणतायत, “बस की गं. जेव माझ्यासंगं.”

आवाज ऐकून आतून काकू आल्या. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. नानांनी ताट आणलं.

“मी जेव म्हणलं तर त्वांड फिरवती,” ते स्क्रीनवरच्या नानांकडं बघत मला हळूच म्हणाले. “त्येचं ऐकती.”

काकूंनी स्क्रीनकडं बोट केलं. “आमचं मालक. तुमी कुटलं पाव्हणं?” त्यांनी नानांना विचारलं.

“हितलाच हाय,” नाना म्हणाले आणि घास पुढं केला.