पहिल्या डब्यातली पसंती

मुलगी दाखवायचा कार्यक्रम घरी ठेवणारा माणूस मूर्ख! घरी पाहुण्यांचं लक्ष मुलीवर कमी आणि भिंतीच्या ओलीवर जास्त. मी आजवर अकरा लग्नं जमवली, त्यातली नऊ देवळाच्या पायऱ्यांवर 'सहज' गाठ घालून. बारावं तर मी चक्क कोळशाच्या आगगाडीत जमवणार होतो!

यंदा थंडीत दर रविवारी नांदुऱ्याहून पूर्णेच्या काठाकाठानं सावरघाट गावापर्यंत ही हौसेची गाडी सुटत होती. मी इंजिनाला लागूनचा डबा धरला. मानाचा डबा! समोरासमोर दोन बाकं. इकडे मी आणि माझी भाची अनुपमा. तिकडे मुलगा हर्षल आणि त्याची आई वच्छलाबाई.

अनुपमाला रंगावरून तिघांनी नाकारलं होतं. निघताना ती एवढंच म्हणाली, "मामा, हा शेवटचा. याच्यापुढं मी कोणासमोर बसनार नाही." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. माझ्या बायकोनं तर कपाशीवर औषध मारावं तशी तिच्यावर पावडर मारली होती.

गाडी हलली. नदी दिसू लागली. वच्छलाबाईंना नदीशी काही कर्तव्य नव्हतं.

"भाऊ, खिडकी उघडा ना. उजेडात पाहू द्या पोरीले."

"आई, धूर येईन," हर्षल पुटपुटला.

"तू चूप रे!"

मी खिडकी उघडली. माझं पाहून साऱ्या डब्यानं आपापल्या उघडल्या. नदीच्या वळणावर वारा फिरला आणि इंजिनानं आपला सगळा धूर आमच्या मांडीवर आणून ठेवला! दोन मिनिटांनी पाहतो तर डब्यात तीस माणसं नव्हती, तीस तवे होते! अनुपमाच्या पावडरीत तर काजळी लोणच्यातल्या तेलासारखी मुरली होती.

सावरघाटाला सगळा डबा नदीकडे धावला. वच्छलाबाईंनी हाताला लागली ती मुलगी धरली, पदर ओला केला आणि भांडं घासावं तशी तिला घासली. आतून लख्ख गोरी निघाली!

"पाहा भाऊ! लोकं उगाच सावळी म्हणतात!"

"वच्छलाबाई, ही आपली नव्हे."

"काकू, मी डिंपल, अकोल्याची," ती मुलगी दातओठ खात म्हणाली. "अन् हे माझे मिस्टर."

शेजारच्या तव्यानं नमस्कार केला.

आपली मुलगी चार दगड पलीकडे शांतपणे तोंड धूत होती. वच्छलाबाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अजून एक पाणी घे, बाई."

तिनं घेतलं.

"अजून एक."

अनुपमानं ओंजळ सोडून दिली. "काकू, धुराचा होता तो गेला. राह्यला तो माझा आहे."

मी माझ्या चपलांकडे पाहू लागलो. तेवढ्यात हर्षल पाण्यातून वर आला. चार पाणी घेऊनही गडी आईनं मोबाइलवर पाठवलेल्या गोऱ्यापान फोटोच्या दोन छटा खालीच थांबला होता! अनुपमानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या आईकडे.

"काकू, ह्यायले सांगू का अजून एक पाणी घ्याले?"

"नका सांगू! माझाबी माझाच आहे!" म्हणत हर्षल इतका हसला, की पाय घसरून पाण्यातच बसला.

परतीच्या गाडीत वच्छलाबाईंनी खिडकी स्वतःच लावून घेतली. नांदुरा आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरगी पसंत आहे आमाले."

बारावं! मी फुगतच भाचीकडे गेलो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण मामा, मले कोणी इचारलं?"

"म्हणजे? तुझा नकार आहे?"

"नकार कुठं देऊन राह्यली मी? पोरगा हसते चांगला. पन आधी मी त्याच्याशी बोलते, मंग सांगते. तुमी मधात येऊ नका."

मी वाटेत अकराही लग्नं मनात पुन्हा तपासली. मुलांच्या आयांना विचारलं होतं, मामांना विचारलं होतं, भटजींना तर दोनदोनदा. मुलीला? एकीलाही नाही! माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही.

घरी बायको भाकरी थापत होती. मी हळूच म्हटलं, "का वं, सव्वीस वर्षांपूर्वी मी तुला पसंत होतो का?"

गडबडीत मी तोंड धुवायचंच विसरलो होतो. तिनं मान वर करून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी तोंड धुऊन या," ती म्हणाली. "मंग पाहून सांगते."