बारा अक्षरांची सुरक्षा

रोहिदासने ठरवलं, आता हे रोज चालू-बंद करत बसायचं नाही. निर्णय एवढाच, आणि तोही त्याने जेवता जेवता घेतला.

चालू-बंद व्हायची ती बायकोच्या मोबाईलमधली एक सेटिंग. बंगळुरूला शिकून, तिथली नोकरी सोडून तो सूर्यमाळला परतला होता. कुठल्या पाड्यावर पाण्याचा टँकर कधी येणार, हे सांगणारं ॲप बनवत होता. ॲप तपासायला खरा मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडावा लागतो, आणि लॅपटॉपला आत शिरता यावं म्हणून मोबाईलमधला डेव्हलपर पर्याय चालू करावा लागतो. त्याचा स्वतःचा मोबाईल रेंजसाठी छपराच्या वाशाला सुतळीने टांगलेला. (वीतभर हलला की नेट गेलं.) म्हणून पुष्पलताचा.

"दार असं उघडंच ठेवलं तर दुसरं कुणी शिरेल ना?" पुष्पलताने विचारलं.

सुरक्षेच्या बाबतीत रोहिदास फार कडक. त्याने तिच्या मोबाईलला लगेच बारा अक्षरी पासवर्ड घातला. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, मधोमध एक चिन्ह. पर्याय मात्र चालूच राहिला. म्हणजे सोय त्याची झाली आणि सुरक्षा तिच्या वाट्याला आली. (हा समतोल त्याला फारच आवडला.)

पुष्पलता डोंगरावर रोजगार हमीच्या चर खोदायच्या कामावर मजुरांची हजेरी घ्यायची. हजेरी म्हणजे मोबाईलवर काढलेला सगळ्यांचा फोटो. तो सकाळच्या ठरल्या वेळेत गेला नाही, तर घामाने भिजलेला माणूसही गैरहजर, त्या दिवसाची मजुरी गेली. ठाण्याकडे कामाला निघालेल्या बायकांना तिनेच थांबवलं होतं. इथं काम आहे, लेकरं टाकून कशाला जाता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशावरचा मोबाईल वाजला. रोहिदास खाटेवर चढला आणि कान छपराला लावला. पलीकडे पुष्पलता, कामावरच्या पोशीच्या बटणाच्या मोबाईलवरून.

"अहो, ते मधलं चिन्ह कुठलं?"

"ॲट."

"तेच दाबलं. हाताला माती आहे, भलतंच उमटतं. आता मोबाईल थांबा म्हणतोय."

"मग थांब. हे तुझ्याच सुरक्षेसाठी आहे."

"मी थांबते. बायकाही थांबतील. हजेरीची वेळ थांबेल का?"

मागून मजुरांतल्या म्हाताऱ्या धोंडीबाईचा आवाज आला. "चोर आला तं तोबी असाच दमंल ना?"

"तोच तर हेतू आहे, मावशी."

"मंग बेस हाय. पण चोर आला नाय. आम्हीच आलो."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. कुलूप उघडलं, पण हजेरीचं ॲप उघडेना. डेव्हलपर पर्याय आधी बंद करा, म्हणत होतं.

"म्हणजे तेही माझ्यासारखंच सावध आहे," रोहिदास कौतुकाने म्हणाला.

"बंद कसा करायचा तेवढं सांगा."

"सेटिंगमध्ये जा, अगदी खाली..." इथे खाट कलली, आणि रोहिदास मोबाईलसकट जमिनीवर आला.

मग तो धावत सुटला. चढावर पोचला तेव्हा बायका अर्ध्या खोदलेल्या चरापाशी ओळीने उभ्या होत्या, फोटोसाठी पदर नीट करून. त्याने दोनदा बोट फिरवलं. पर्याय बंद झाला, ॲप उघडलं. सकाळची वेळ संपली होती.

"काढ की फोटो," पोशी म्हणाली.

"आता घेत नाही ते," पुष्पलता म्हणाली.

"आम्ही तं हाय इथंच."

पुष्पलताने मान खाली घातली. रोहिदास मात्र पेटला. तालुक्याला, मोखाड्याला अर्ज देऊ, मोर्चा नेऊ, ही व्यवस्थाच बदलू, असं बरंच बोलला. ऐकता ऐकता धोंडीबाईने कुदळीची माती काढली.

"उद्या ठाण्याकडं न्यायला मुकादमाची जीप येते," ती म्हणाली. "त्याला फोटो लागत नाय. डोकी मोजतो नि नेतो."

"मावशी, जाऊ नका. मी हे सगळं तुमच्यासाठीच करतोय. एक पैसा घेत नाही."

धोंडीबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ती पुष्पलताकडे वळली.

"फुकट करतो तरी एवढा महाग पडला. यालाबी आमच्यासंगं धाड, पोरी. तिथं मुकादम मोबाईल काढून घेतो."

रोहिदासने हसून बायकोकडे पाहिलं. ती विचार करत होती.