मसूरडाळीचा भारत

पाणी घरात शिरलं तेव्हा क्षितिजाने सगळ्यात आधी भारत उचलला.

"अगं, पिठाचा डबा घे, काहीतरी कामाचं घे!" तिची आई आशालता गुडघाभर पाण्यातून ओरडली.

पण सोमवारी शाळेत भूगोलाचं प्रदर्शन होतं. क्षितिजा पहिल्यांदाच चारचौघांपुढे उभी राहून बोलणार होती, आणि पुठ्ठ्याचा तो नकाशा महिनाभर खपून केलेला. एकेक दाणा म्हणजे माणसं. गंगेच्या मैदानात मसूरडाळ गच्च, राजस्थानात तुरळक, हिमालयात जवळजवळ नाहीच. सपाटी, माती, पाणी असेल तिथे माणूस! सगळी डाळ मैद्याच्या खळीने चिकटवलेली. फक्त नालासोपाऱ्याचा एक दाणा बाबांनी सातिवलीच्या कारखान्यातून आणलेल्या गोंदाने लावलेला. गोंद थेंबभरच होता, आणि आपलं घर तरी पडायला नको ना!

भारत डोक्यावर घेऊन ती पहिल्या मजल्यावरच्या लिडिया आंटीकडे पोहोचली. तळमजल्याची बाकीची बिऱ्हाडंही तिथेच. पुस्तकात माणसं डोंगर सोडून मैदानात उतरतात. इथे नालासोपाऱ्याच्या तुळिंजमध्ये सगळं मैदान जिना चढून आलं होतं.

"खाजन होतं हे, खाऱ्या पान्याची जमीन," आंटी म्हणाली. "माझा बाप इथे मीठ पिकवायचा. पानी आपल्या घरी आलंय. पाहुने तुमी."

"पण बिल्डर म्हणाला होता, चोवीस तास पाणी," बाबा पुटपुटले.

"मंग? खोटं बोलला?"

दुसऱ्या दिवशी आंटीचा तांदूळ संपला. पाणी उतरेना, खाली जायची सोय नाही. आंटीची सून जॉयस ओली बाळंतीण. पोटात काही नाही म्हणून दूध येईना. बाळ रडून रडून शेवटी रडायचंही थांबलं. तेव्हा आशालताची नजर कपाटावरच्या नकाशाकडे गेली.

"आई, नाही हं!"

"क्षितू, खळ मैद्याचीच ना?"

"पण सोमवारी..."

"बाळंतीण उपाशी ठेवून भाषण ठोकणार तू?"

क्षितिजाने जॉयसकडे पाहिलं. मग चमचा स्वतःच घेतला. "मी काढते. तू गुजरात मोडशील."

उत्तर प्रदेशातून वाटीभर निघाली. बिहारने पातेल्याचा तळ झाकला. "राजस्थानच्या नादी लागू नकोस," बाबा म्हणाले, "मेहनत जास्त, माणसं कमी." दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी हसलं. शेवटी राजस्थानही खरवडून झाला. आई मात्र कोकण किनाऱ्याशीच खुडबुडत होती.

"हा एक निघतच नाही मेला!"

"राहू दे गं. तो आपण आहोत."

जॉयस दोन वाट्या आमटी प्यायली. संध्याकाळी बाळाने पुन्हा भोकाड पसरलं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

प्रदर्शन आठवडाभर पुढे गेलं. परीक्षक सर नकाशापुढे थबकले. "लोकसंख्या दाखवायची होती ना? सगळा देश ओसाड, आणि वसईजवळ एकच दाणा?"

पाठ केलेलं भाषण क्षितिजाने गिळून टाकलं. "सर, बाकीचे निघाले. हा निघत नाही."

"का? असं काय आहे तिथे?"

"पाणी आहे. घरातसुद्धा. पण दुसरीकडे परवडत नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांच्या पँटवर गुडघ्यापाशी चिखलाची रेघ होती, धुऊनही न गेलेली. त्यांनी दाण्याला नख लावून पाहिलं. तो हलला नाही.

"कितवा मजला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तळ."

"माझाही," सर म्हणाले, आणि तो दाणा अंगठ्याने आणखी नीट दाबून बसवला.