बोरुडेनानांची शस्त्रनिवड

बोरुडेनाना स्वतःच्या घरात शिरण्यापूर्वी दार वाजवतात. कुलूप स्वतःच काढतात, कडी स्वतःच सरकवतात आणि मग दार न ढकलता त्यावर तीनदा टकटक करतात. खाकरतात. "मी हाय, नाना," असे बंद दाराला सांगतात आणि हातातली पिशवी खाली न ठेवता क्षणभर उभे राहतात. त्या घरात नानांखेरीज कोणीही राहत नाही.

हे प्रथम पाहिले तेव्हा मी विचारले, "नाना, आत कोणी आहे का?"

"तेच तर बगायचंय, गुरुजी. पन आत कुणी असंल, तर त्याला सावरायला येळ नको द्यायला? एकदम समोरासमोर आलो, तर त्यो बी दचकंल आन् मी बी."

चोराचीही एवढी अदब राखणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

भिंगारच्या जुन्या बाजाराच्या मागे आमची घरे एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराची आणि माझ्या देवघराची भिंत एकच. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, म्हणून मी 'गुरुजी'. नाना मूळचे पाथर्डीकडचे. लष्कराच्या एका डेपोत मुलकी स्टोअरकीपर म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. तिथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगात आकृती काढलेली असे. पान्हा उचलला की त्याची रिकामी आकृती उघडी पडे आणि कोणती वस्तू जागेवर नाही हे दुरूनही कळे. निवृत्त होताना नानांनी डेपो सोडला, ही पद्धत सोडली नाही.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूभोवती खडूची रेघ आहे. तांब्याभोवती आहे, रेडिओभोवती आहे, चपलांभोवती आहे. देव्हाऱ्यातल्या मूर्तींभोवतीही रेघा पाहून मी एकदा नापसंती दर्शवली.

"देव बी जागेवर पायजेत, गुरुजी," नाना शांतपणे म्हणाले.

त्यांच्या पत्नी कौसाबाई हयात असताना हसून म्हणत, "एक दिस मला बी खडूनं आखत्याल बगा हे." त्यांना जाऊन चार वर्षे झाली. स्वयंपाकघरात त्या पाटावर बसून भिंतीला डोके टेकत. त्यांच्या केसांच्या तेलाचा डाग अजून त्या भिंतीवर आहे. नानांनी त्या डागाभोवतीही रेघ ओढली आहे. ती पाहिल्यापासून मी त्या भिंतीकडे फार वेळ पाहत नाही.

कौसाबाई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात वस्तू हलू लागल्या. तांब्या रेघेबाहेर दोन बोटे. लाटणे पोळपाटावर आडवे. चष्म्याच्या काड्या मिटलेल्या. नाना तर त्या उघड्या ठेवतात.

"जागेवर न्हाई, म्हंजे कुणीतरी हाय," नानांचा सिद्धान्त ठरला.

"पण काही चोरीला गेले का?"

"न्हाई."

"मग हा कसला चोर?"

"सर्वे करतोय, गुरुजी. आदी पाहनी, मंग डाका." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रोज दुपारी येतोय. मी भाईर असलो की. घरात हत्यार पायजे आता. रीतसर, परवान्याचं."

मी हे हसण्यावारी नेले असते. पण त्याच आठवड्यात श्रीगोंद्याहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, मला दूरध्वनी आला. "काका, बाबांना तेवढं पिस्तूल घेऊ देऊ नका. माझ्याकडं घराची किल्ली आहे. मी कधीही न सांगता येते, दुपारची एसटी धरून. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि..."  पुढचे सांगण्याची आवश्यकता नव्हती. नाना ज्याची वाट पाहत होते तो दुपारीच येत असे, आणि त्यांची लेकही.

नाना मात्र निवडीस लागले. आयुष्यात प्रथमच हत्यार घ्यायचे, तेव्हा कोणते घ्यावे? डेपोत त्यांनी हजारो नगांना हात लावला होता, पण त्यातला एकही स्वतःसाठी नव्हता. एक दिवस गेलो तो लाकडाची तीन हत्यारे पाटावर मांडलेली. नानांनी ती स्वतः तासून घडवली होती आणि वजन बरोबर यावे म्हणून आत शिसे भरले होते.

"ही चक्री, म्हंजे रिव्हॉल्वर. अडकत न्हाई, चाप वढला की वाजनार. हे पिस्तूल. गोळ्या जास्ती, पन वरची पट्टी मागं वढायला बोटांत दम लागतो, आन् माझी बोटं संधिवातानं गेलीत. ही तिसरी बारकी चक्री. धरून तर बगा."

मी धरून पाहिले.

"गुरुजी, संध्येची पळी धरल्यावानी नका हो धरू!"

"मग कसे धरू?"

"वैर असल्यावानी धरा."

ते मला साधले नाही. नानांनाही साधत नव्हते, हे माझ्या लक्षात आले. तेही ते लाकूड दोन्ही हातांनी, एखादे पाखरू धरावे तसे धरत होते.

दाराशेजारच्या भिंतीवर त्यांनी घ्यावयाच्या रिव्हॉल्वरची आकृती आधीच काढून ठेवली होती. दोन खिळेही ठोकले होते. घरात सारे भरलेले आणि एवढी एकच आकृती रिकामी. तिच्या नळीचे तोंड दाराकडे होते, म्हणजे रोज सकाळी तीर्थप्रसाद घेऊन येणाऱ्या माझ्याकडे. मी रोज त्या रिकाम्या नळीसमोरून आत जात असे आणि मनातल्या मनात नामस्मरण थोडे वाढवीत असे.

अर्ज गेला. चौकशीसाठी पोलीस हवालदार यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी नाना कागदपत्रांसाठी कलेक्टर कचेरीत गेले होते. मी देवघरात नित्यपाठ करीत होतो. बाहेर ऊन असे होते की कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आणि भिंतीपलीकडून पाट सरकवल्याचा आवाज आला. जड पाट फरशीवरून ओढल्याचा, स्पष्ट. त्यापाठोपाठ कोणीतरी बसल्यासारखा एक सुस्कारा.

मी पाठ अर्धा टाकून उठलो. आयुष्यात तसे कधी केले नव्हते. नानांच्या दाराला बाहेरून कुलूप होते. खिडकीतून आत पाहिले. कोणी नव्हते. केवळ कौसाबाईंचा पाट आपल्या रेघेतून निघून भिंतीपाशी, त्या डागाच्या खाली, सरळ लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी नानांना विचारले, "धोका कुणापासून?"

"वळख पटली न्हाई अजून."

"म्हंजे दुश्मन हाय, पन वळख न्हाई?"

"तेच तर. वळख असती तर चहाला नसतं बलवलं?"

हवालदारांनी माझ्याकडे वळून विचारले, "शेजारी तुमीच ना? तुमी काय बघितलं?"

मी पेचात सापडलो. असत्य बोललो असतो तर एक हत्यार घराबाहेर राहिले असते. पण ते मला जमण्यासारखे नव्हते. "पाहिले काही नाही," मी म्हणालो. "काल दुपारी आवाज ऐकला. घर बंद होते." हवालदारांनी ते लिहून घेतले. माझ्या सत्यवचनाने नानांच्या अर्जाला बळ मिळाले. त्या रात्री मी देवासमोर बसलो, पण मागावे काय, हे मला समजेना.

परवान्यापूर्वी हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते देणारे एक निवृत्त फौजी होते. त्यांचा पहिला पाठ नाना घरी घोकत: समोर कोण आहे याची खात्री होईपर्यंत बोट चापावर जायचे नाही. त्यात नानांनी स्वतःची भर घातली. तीनदा विचारायचे, उत्तर आले नाही तरच चाप. त्याचा सराव भर दुपारी चाले. माझ्या देवघरात ऐकू येई, "कोन हाय?" मग शांतता. पुन्हा, जरा हळू, "कोन हाय?" आणि त्यापुढे काहीच नाही. तिसरा प्रश्न कधीच येत नसे. मी पाठ थांबवून त्याची वाट पाहत बसे.

शेवटी विचारले, "नाना, तिसऱ्यांदा का विचारीत नाही?"

"तिसऱ्यांदा इचारलं की चाप वढावा लागंल की, गुरुजी. बोलायला जरा येळ लागत असंल एकांद्याला."

खंडेनवमी आली. डेपोत त्या दिवशी शस्त्रपूजन होत असे. नानांकडे खरे शस्त्र अद्याप नव्हते, म्हणून लाकडी तिन्हींची पूजा सांगावी, असा त्यांचा आग्रह.

"लाकडात आवाहन कसे करू, नाना?"

"करा थोडंसं. उडंल एवढं नका करू."

सकाळी स्नान करून गेलो. नानांनी कुलूप काढून आपला दारावरचा विधी उरकला आणि आम्ही दोघे आत शिरलो. नाना पहाटेच फुलांसाठी बाजारात गेले होते, ते नुकतेच परतले होते. तिन्ही लाकडी हत्यारे पाटावर होती, कोरडी, तशीच. पण स्वयंपाकघरात विळीला हळदकुंकू वाहिलेले होते. खलबत्त्याला, लाटण्याला, झाऱ्याला, कोपऱ्यातल्या जुन्या जात्याच्या खुंट्यालाही. घरोघरी बायका त्या दिवशी वाहतात तसे, नीट, एकेक बोट.

"तुमी लावलं, गुरुजी?" नाना कुजबुजले.

"मी तर आत्ता तुमच्याबरोबर आलो."

फुले देण्यासाठी नानांनी हात पुढे केला तेव्हा मला दिसले. त्यांच्या अनामिकेचे टोक लाल होते. त्यांनी ते पाहिले होते की नाही, मला सांगता येणार नाही. वस्तू कोण हलवीत असावे, हे मला त्या क्षणी उमगले. मात्र पाट सरकला त्या दुपारी नाना कलेक्टर कचेरीत होते, हेही माझ्या मनातून जाईना.  लाकडी शस्त्रांवर फूल ठेवले आणि आवाहनाचा मंत्र, प्रामाणिकपणे सांगतो, गाळला.

दिवाळीनंतर परवाना हाती आला. सुनंदाचे फोन वाढले. "काका, निदान सोबत तरी जा," ती म्हणाली. गेलो. नगरमधल्या त्या दुकानात काचेखाली हिरव्या कापडावर रिव्हॉल्वरे मांडलेली होती. दुकानदार सभ्य होते. त्यांनी आधी पिस्तूल दाखवले. नानांच्या बोटांना वरची पट्टी ओढवली नाही. मग बत्तीस बोअरचे रिव्हॉल्वर त्यांच्या हाती दिले. नानांनी ते रिकामे असल्याची खात्री केली, नळी भिंतीकडे केली, बोट बाहेर ठेवले. दस्ता मुठीत असा बसला की जणू त्यांच्यासाठीच घडवला होता. माझ्या डोळ्यांपुढे दाराजवळची ती रिकामी आकृती भरली गेली, आणि दार उघडून पिशवी सावरीत आत येणारी सुनंदा दिसली.

"हेच बसतंय हाताला," दुकानदार म्हणाले. "पॅक करू?"

नाना रिव्हॉल्वरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "घरात उडवलं, तर आवाज केवडा हुतो?"

"बंद खोलीत? कान बसतात, काका."

"सगळ्यांत हळू कोनतं वाजतं?"

दुकानदार हसले. "हळू वाजणारं अजून कुणी बनवलं नाही. आणि मोठ्यानं वाजलं तर चांगलंच की! चोर पळायला पाहिजे ना?"

"चोराचं न्हाई हो," नाना ओशाळून म्हणाले. "आमची मंडळी आवाजाला लई भित्यात. लष्कराच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं, की कानांत कापूस घालून, डोक्यावरून पदर वढून चुलीपाशी बसत्यात. जेवत बी न्हाईत त्या दिशी."

मी काचेवरचा हात काढून घेतला. दुकानदारांना काय ठाऊक असणार! ते सहज म्हणाले, "मग काकूंना विचारून या. घाई काय आहे?"

"व्हय," नाना म्हणाले. त्यांनी रिव्हॉल्वर दोन्ही हातांनी हिरव्या कापडावर परत ठेवले. "त्यास्नी न इचारता असलं काय घरात नेनं बरं न्हाई. त्या एकल्याच असत्यात दुपारच्या."

परतताना आम्ही रिक्षा केली. मला विचारता आले असते, समजावता आले असते. माझ्या साऱ्या अध्ययनात त्यासाठी एक शब्द सापडला नाही. भिंगारच्या बाजारात नानांनी रिक्षा थांबवली आणि एका दुकानातून कापसाचे पुडके घेऊन आले.

"वातींसाठी का?" मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो.

"न्हाई, गुरुजी. उद्यापासनं रेंजवर फायरिंग हाय. बोर्ड लागलाय."

रिक्षा पुढे निघाली. नानांनी पुडके फोडून कापसाचे दोन बोळे वळले. त्यातला एक स्वतःच्या कानाला लावून पाहिला, आणि मग थोडा कापूस काढून घेऊन तो लहान केला.