कादरभाईंची वीस मिनिटांची कॉफी

लग्नात भांडण काढायला कादरभाईंना मानपान लागत नसे, कॉफीचा काउंटर पुरायचा. आमच्या गडचांदूरला तेव्हा नुकतीच बऱ्या लग्नांत 'एस्प्रेसो' येऊ लागली होती. दुधात वाफेची नळी खुपसून फसफस करायचं, वर कोको भुरभुरायचा, की वऱ्हाडी खूश. कादरभाई शिस्तीत रांगेत उभे राहायचे, कप नाकाशी न्यायचे आणि फुटायचे, "अबे, हे एस्प्रेसो होय? हा तर साबनाचा फेस होय! लोकायले काऊन फसवून राह्यला?" एकदा नवरदेवाच्या मामानं त्यांना दंडाला धरून मांडवाबाहेर नेलं. तिथूनही त्यांचा आवाज बँडच्या वर येत होता.

हे माझे शेजारी. भिंतीला भिंत. मी हायस्कूलात गणिताचा मास्तर. रागीट म्हणून माझीही गावात ख्याती आहे, पण कादरभाईंपुढे मी गोगलगाय.

चंद्रपूरला आयटीआय करून ते सिमेंट कारखान्यात फिटर म्हणून लागले. भट्टीचा दाब आणि तापमान दाखवणारी घड्याळं वीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. एकदा सिमेंट दळायची नवी गिरणी बसवायला एक इटालियन इंजिनियर आला आणि आठ महिने कादरभाई त्याच्या हाताखाली राबले. मोजल्याशिवाय दाबावर विश्वास ठेवू नये आणि कॉफीत दूध घालू नये, हे त्यांनी त्याच्याकडून उचललं. तो कॉफी करायचा आणि यांना शेजारी बसवून पाजायचा. "साहेबात मानूस तो एकच. बाकी सारे टाय," असं ते म्हणत.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. कालच्या पोरासारख्या इंजिनियरनं त्यांना सांगितलं, "चाचा, तुम्ही आता आराम करा." कंट्रोल रूमच्या बाहेर स्टूल दिलं आणि वर्षभरानं स्वेच्छानिवृत्तीचा कागद. "स्वेच्छा कोनाची? माही तर नव्हती!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशोब गणिताच्या मास्तरालाही लागणार नाही.

त्या रागातून यंत्र जन्माला आलं. पितळी बॉयलर, भंगारातला प्रेशर गेज, मोडक्या वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह आणि जुन्या टेलिफोनची बटणं. प्रत्येकाच्या कॉफीला नंबर. पोस्टमनचा दोन, माझा चार. नंबर दाबला की ज्याला जेवढी कडू लागते तेवढीच यायची. साखर मागणाऱ्याला नऊ नंबर. त्यात नुसतं गरम पाणी यायचं. कॉफीच्या बिया सिमेंटचे ट्रक घेऊन दक्षिणेत जाणारा एक ड्रायव्हर आणून द्यायचा. त्या त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या भाभींच्या मिक्सरात दळल्या जात, म्हणून त्या घरची चटणीही कॉफीची लागे. "कोन म्हनते मले कॉम्प्युटर समजत नाई? हा पाहा प्रोग्राम!" असं म्हणून ते बॉयलरवर थाप मारत. त्यांची सगळी इज्जत त्या डब्यात होती.

एवढं सगळं असून कॉफीला वीस मिनिटं लागत. वीस! कप केवढा, तर कानात घालायच्या औषधाची बाटली परवडली. घाई केली की ते खेकसत, "प्रेशर बनू द्या ना जी! बसा चुपचाप!" आणि मग भट्टी, इटलीचा साहेब, टायवाले, सगळी पोथी पहिल्यापासून. नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी सातला ते कंपाउंडवरून हाक मारत आणि साडेसातला माझी शाळा.

शेवटी व्हायचं ते झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला म्हणून मुख्याध्यापकांनी मला मेमो दिला. दुसऱ्या दिवशी कादरभाईंनी "प्रेशर..." म्हणताच माझं डोकं फिरलं. पोस्टमनसमोर मी बोलून गेलो, "तुमच्या कॉफीपायी मला मेमो मिळाला! टपरीवाला दोन मिनिटांत चहा देतो. तुमचं यंत्र बिघडलेलं आहे. कंपनीनं तुम्हाला काढलं ते काही उगाच नाही!"

कादरभाईंनी यंत्राचा खटका बंद केला आणि ते आत गेले.

आठ दिवस हाक नाही. मी वेळेवर शाळेत जात होतो आणि दिवसभर पोरांवर खेकसत होतो. नवव्या दिवशी हाक आली. गेलो तर कादरभाई हातात घड्याळ घेऊन उभे. त्यांनी चार नंबर दाबला. चार मिनिटं पुरी व्हायच्या आत कॉफी कपात उतरली, दाट, वर तांबूस साय. "घ्या. प्या आन् जा शाळेत," म्हणाले आणि मागच्या अंगणात निघून गेले.

दारात भाभी उभ्या होत्या. मी विचारलं, "दुरुस्त झालं वाटतं?"

त्या माउलीला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "बिघडलं कवा होतं, सर? बॉयलर पयल्यापासून चार मिनटात तापते. वरचे सोळा मिनिट यायनं आपल्या हातानं टाकले होते. कप हाती भेटला का मानूस उठून जाते म्हनत. कारखान्यात भट्टी पेटवली का चोवीस घंटे चार जन संगं बसत, कोनी उठत नव्हतं. आता कोन येते इथी? काल बसून काढून टाकले सोळाही मिनिट."

मला माझाच भयंकर राग आला. यंत्राला बिघडलेलं म्हणवून घेतलं या माणसानं, पण खरं सांगितलं नाही. मी कप तसाच ठेवला आणि मागे गेलो. ते पाठमोरे बसून मिक्सरचं भांडं घासत होते.

"कादरभाई, कॉफी जमली नाही."

"काऊन?" ते ताडकन उठले.

"घाईची झाली. पहिल्यासारखी करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाभींकडे, आणि लालबुंद झाले. "या बाईच्या पोटात एक गोष्ट राहत नाई!" मग भांडं खाली ठेवत म्हणाले, "शाळेची पयली घंटी वाजून राह्यली, सर."

"वाजू द्या."

ते आत गेले, मागोमाग मी. माझ्याकडे पाठ करून बराच वेळ बटणं दाबत राहिले. "प्रेशर बनाले टाइम लागते," ते भिंतीकडे बघूनच म्हणाले. "बसा चुपचाप."

मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांनी माझ्या मुख्याध्यापकांना शिव्या द्यायला सुरुवात केली.