लोखंडी दारामागे कोण?

नवे बूट घालायचे असं चार नंबरांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. (निर्णय घ्यायची सवय नसलेल्या माणसाने एकदम बुटांपासून सुरुवात करू नये.) चार नंबर हे त्यांचं नाव नव्हे. वाहन परवाना कार्यालयाच्या चौथ्या खिडकीमागे त्यांची निम्मी हयात गेली होती, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. घरी बायको नुसतं "अहो" म्हणायची, त्यामुळे खऱ्या नावाची गरज तिथेही कधी पडली नाही.

"जुनेच घाला," बायको म्हणाली. "दिवसभर उभं राहायचंय."

"अगं, त्यांना भेटायचंय. टाच झिजलेल्या बुटांनी त्यांच्यासमोर कसा जाऊ?"

ते म्हणजे कॅप्टन कंदीलचे चित्रकार. कॅप्टन कंदील हा चार नंबरांच्या शाळकरी वयातला चित्रकथांचा नायक. हातात कंदील, डोक्यावर तिरकी टोपी, आणि जिथे अंधार दिसेल तिथे डोकं घालायची खोड. शेवटच्या अंकात तो एका भुयाराच्या टोकाला पोचला होता. समोर लोखंडी दार. दारामागे कोणीतरी खोकलं. कॅप्टनने कडीला हात घातला, खाली 'उरलेलं पुढच्या महिन्यात' असं छापलं होतं, आणि पुढच्या महिन्यात मासिकच बंद पडलं.

तेव्हापासून दारामागे कोण खोकलं, हा प्रश्न चार नंबरांच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. लग्न झालं, केस गेले, मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली, पण ते दार काही उघडलं नाही. आता शहरात कॉमिक्सचं मोठं संमेलन भरणार होतं आणि चित्रकार स्वतः येणार होते. त्यांचं वय झालं होतं, पुन्हा येतील याची खात्री नव्हती. आज विचारलं नाही तर प्रश्न आपल्याबरोबरच जाणार, हे चार नंबरांना पक्कं ठाऊक होतं.

बायको बरोबर निघाली. "इतकी वर्षं त्या दाराबरोबर संसार केलाय मी," ती म्हणाली. "निदान बघून तरी येते."

संमेलनाचा हॉल एवढा मोठा होता की त्याच्या दुसऱ्या टोकाची माणसं पुसट दिसत होती. जिकडे तिकडे मुखवटे, झगे, पुठ्ठ्याच्या तलवारी. पाठीला भलेमोठे पंख लावलेली एक बाई प्रत्येक दारातून आडवी होऊन जात होती. एकाच राक्षसाचा वेष केलेले दोघे समोरासमोर आले आणि 'तुम्ही पण का' अशा नजरेने एकमेकांकडे पाहून अवघडले. चार नंबर तर लहान मूल झाले होते. एका सरड्याला थांबवून त्यांनी विचारलं, "ही शेपटी धुता कशी?"

"धुत नाही हो," सरडा म्हणाला. "झटकतो."

"आणि गाडीत बसताना?"

"मांडीवर घेतो."

चार नंबरांनी समाधानाने मान डोलावली. जुने अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून विकणाऱ्याला त्यांनी विचारलं, की मग वाचायचे कसे. तो म्हणाला, हे वाचायचे नसतात. हे उत्तर मात्र त्यांना कळलं नाही, आणि ते बराच वेळ त्या पिशव्यांकडे बघत राहिले. तेवढ्या वेळात नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलून काढल्या.

हॉलच्या कोपऱ्यात 'कॅप्टन कंदीलच्या चित्रकारांना भेटा' असा बोर्ड लावलेलं टेबल सापडलं तेव्हा चार नंबर लंगडत होते. टेबलामागे एक चांगली गुबगुबीत खुर्ची होती आणि शेजारी एक साधं स्टूल. समोर अजून कोणीही नव्हतं. म्हणजे ते पहिले होते. हयातीत कुठल्याही रांगेत त्यांचा नंबर पहिला आला नव्हता, कारण ते नेहमी रांगेच्या पलीकडच्या बाजूला असत.

"जरा टेकतो," असं म्हणून ते स्टुलावर बसले. (खुर्चीवर बसले नाहीत. मोठ्या माणसाची खुर्ची ती.) बायको पाण्याची बाटली भरून आणायला गेली.

हिरव्या केसांची एक मुलगी हातात अंकांचा गठ्ठा घेऊन आली. "सर, इथेच का?"

आता समोर टेबल, टेबलापलीकडे माणूस आणि त्या माणसाच्या हातात कागद, असं जमून आलं की चार नंबरांच्या तोंडून शब्द आपोआप निघत. "इथेच. एकामागे एक उभे राहा. कागद हातात तयार ठेवा."

मुलगी उभी राहिली. तिच्यामागे पंखवाली, तिच्यामागे सरडा, सरड्याची शेपटी सोडून आणखी बरेच. बघता बघता रांग थेट मधल्या खांबापर्यंत गेली, आणि चार नंबरांच्या अंगात सरकारी नोकरी संचारली. फोटो काढणारे डावीकडे, सही घेणारे उजवीकडे. पंख मिटून उभं राहायचं. मित्रासाठी जागा धरायची नाही, मित्राने स्वतः यायचं. सकाळपासून धक्के खाऊन दमलेली गर्दी त्यांना दुवा देऊ लागली. वॉकीटॉकीवाल्या कार्यकर्त्याने तर त्यांना आयोजकांपैकीच समजून वर आणखी दोर आणून दिला.

बायको बाटली घेऊन आली आणि सरळ टेबलाशी पोचली.

"बाई, रांग मागून," चार नंबर म्हणाले.

"अहो, मी आहे."

"दिसतंय मला. पण घरच्यांना पुढे घेतलं तर लोक काय म्हणतील? जरा मागे जा ना."

तिने बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि मागे गेली. एवढ्यात खांद्याला झोळी लावलेले एक किडकिडीत आजोबा दोराखालून वाकून थेट खुर्चीकडे यायला लागले.

"आजोबा, रांग दिसत नाही का?"

"दिसली. पण मी..."

"'पण मी' सगळ्यांचंच असतं. समोरचे एवढे लोक काय वेडे आहेत? मागे जाऊन उभे राहा."

आजोबांनी चार नंबरांकडे नीट निरखून पाहिलं, मग त्या लांबलचक रांगेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलं तरी कुतूहल उमटलं. ते खरंच मागे गेले आणि चार नंबरांच्या बायकोच्या पाठीशी उभे राहिले.

वेळ जात होता, चित्रकार येत नव्हते. चार नंबर लोकांना धीर देत होते. "मोठी माणसं उशिराच येतात. आमचे साहेबही असेच." शेवटी वॉकीटॉकीवाला घामाघूम होऊन धावत आला. "चित्रकार तर कधीच हॉलमध्ये आलेत म्हणे. कोणी पाहिलंय का त्यांना?"

रांगेच्या टोकाला एक हात वर झाला. "मी इथे आहे. अजून माझा नंबर आला नाही."

सगळी रांग मागे वळली, मग सगळी रांग चार नंबरांकडे वळली. त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण हॉलची फरशी पक्की होती. लोकांनी आजोबांना टाळ्या वाजवत पुढे आणलं आणि खुर्चीवर बसवलं. चार नंबर स्टुलावरून उठले, हात जोडून काहीतरी पुटपुटले, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. मग धीर करून ते टेबलाला वळसा घालून पुढच्या बाजूला आले.

"काका," हिरव्या केसांची मुलगी म्हणाली, "रांग मागून आहे."

नियम त्यांचाच होता. ते मागे गेले. लंगडत, पावलापावलाने ते पुढे सरकत राहिले, प्रश्न मनात घोळवत राहिले, आणि त्यांच्यापुढे फक्त त्या दोन राक्षसांपैकी एक उरला होता तेव्हा वॉकीटॉकीवाल्याने दोर आडवा धरला. चित्रकारांची वेळ संपली होती, गाडी दाराशी उभी होती. "वेळ संपली" हे वाक्य पलीकडच्या बाजूने कसं ऐकू येतं, ते चार नंबरांना त्या दिवशी समजलं. त्यांचे डोळे भरून आले. टाचांमुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते. बायकोने पर्स मांडीवर घेतली.

"मी विचारलं त्यांना," ती म्हणाली. "तेवढा वेळ दोघं उभेच होतो ना."

चार नंबर गर्रकन वळले. "काय म्हणाले?"

"त्यांनाही माहीत नव्हतं. खोकला काढून ठेवला, पण खोकणारा सुचेना. मासिक बंद पडलं तेव्हा सुटलो असं वाटलं म्हणाले. मग मलाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"मला काय माहीत असणार? मी म्हटलं, आमच्याकडे दारामागे खोकतात ते हेच, आणि तुमच्याकडे बोट दाखवलं." तिने पर्समधून संमेलनाचं माहितीपत्रक काढलं. "खूप हसले. मग उभ्या उभ्याच मागच्या कोऱ्या बाजूला काढून दिलं."

चार नंबरांनी कागद उलगडला. लोखंडी दार सताड उघडलं होतं. कॅप्टन कंदील उंबऱ्यावर तोंड वासून उभा होता. आत एक टेबल, टेबलामागे स्टूल, स्टुलावर चष्मा लावलेला एक टकला माणूस बोट उगारून बसला होता, आणि त्याच्या तोंडून शब्द निघत होते, 'रांग मागून आहे.' खाली 'समाप्त' लिहिलं होतं. त्याखाली सही, आणि सहीच्या वर 'सप्रेम भेट' म्हणून बायकोचं नाव.

चार नंबर ते चित्र दोन स्टॉप जाईपर्यंत बघत राहिले.

"नाक जरा मोठं काढलंय," ते शेवटी म्हणाले.

बायकोने कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "लहानच काढलंय."