अण्णांची जनहितार्थ रजा

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात अण्णा हेडक्लार्क होते, आणि नागरिकांच्या प्रत्येक मेलला स्वतः उत्तर देणं हे त्यांचं व्रत होतं. तेही एका बोटाने टाइप करून. नळ कोरडा असल्याची तक्रार उन्हाळ्यात आली, तर उत्तर थंडीत जाई. तोवर तक्रारीतच दम उरलेला नसे.

मेहुणीकडे जायचं म्हणून अण्णांनी कधी नव्हे ती आठवडाभर रजा टाकली. निघताना मेलच्या सेटिंगमध्ये त्यांना एक सोय सापडली: रजेवर असताना आपोआप उत्तर. पण 'मी रजेवर आहे' असं लिहिणं त्यांना कामचुकारपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी लिहिलं, 'आपली तक्रार मिळाली. तिची गंभीर दखल घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही सुरू आहे.'

परत आले तर इनबॉक्स आभारांनी तुडुंब भरलेला. तक्रार पाठवताच उत्तर देणारं खातं लोकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. नळ अर्थातच कोरडे ठणठणीत होते, पण त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

अण्णा पुन्हा एका बोटाने कामाला लागले आणि दोनच दिवसांत लोक खवळले. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"अण्णा, तुम्ही नसलात की खातं किती छान चालतं. आल्यावर काय होतं तुम्हाला?"

"साहेब, ते रजेचं बटण आहे. कामावर असताना दाबणं नियमात बसत नाही."

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी बटणाला हात लावला नाही. अण्णांनाच पुढील आदेशापर्यंत जनहितार्थ रजेवर पाठवलं. शिल्लक रजा संपली, तशी ती बिनपगारी झाली.

मूग गिळून किती दिवस बसणार, म्हणत बायको मागे लागली. दुपारभर खपून त्यांनी साहेबांना मेल लिहिला: घर चालत नाही, कामावर घ्या. पाठवताक्षणी उत्तर आलं, कारण एव्हाना साहेबही जनहितार्थ रजेवर गेले होते. भरपगारी.

अण्णांनी उत्तर दोनदा वाचलं. शब्द त्यांचे स्वतःचेच होते, तरी छातीवरचं ओझं उतरलं.

"काय म्हणतात साहेब?"

"गंभीर दखल घेतलीय."

"मग झालं तर," म्हणत बायकोने रिकामी बादली पुन्हा नळाखाली सरकवली.

अण्णांनी लगेच मनापासून आभार मानणारा मेल पाठवला. वाचकहो, हसू नका. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मानलेले आभार अण्णांच्या इनबॉक्समध्ये अजून जपून ठेवलेले आहेत.